जुन्नरचा डोंगर : अग्नी, लेणी आणि आपण



काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आपल्या विद्यालयाची सहल जुन्नरला गेली होती. मानमोडी डोंगराच्या पायथ्याशी सातवीचा वर्ग सावली धरून बसला होता. समोर जुन्नर शहर पसरले होते. पश्चिमेला शिवनेरीचा कडा, उत्तरेला कुकडी नदीच्या पलीकडे लेण्याद्रीची रांग. मी नेहमीच्या सवयीने सांगून गेलो, "हे सगळे डोंगर ज्वालामुखीने घडवले आहेत. हा शिवनेरी म्हणजे एक निद्रिस्त ज्वालामुखीच समजा."

मागच्या ओळीतील एका मुलीने हात वर केला. "सर, मग त्याचे तोंड कुठे आहे?"

मी म्हणालो, "झिजून गेले असेल." मुलगी खाली बसली, पण तिचे समाधान झाले नव्हते, आणि खरे सांगायचे तर माझेही झाले नव्हते. मी इतिहासाचा पदवीधर. भूगोलाचे हे वाक्य मी कधीतरी कुणाकडून तरी ऐकले होते आणि पंधरा वर्षे वर्गावर्गांतून सांगत आलो होतो. सहलीहून परतल्यावर पुस्तके काढली, भूगोलाच्या जाणकार सहकाऱ्यांना विचारले. माझ्या वाक्याचा पहिला भाग बरोबर निघाला, दुसरा साफ चुकीचा. पुढच्या तासाला मी वर्गात ती चूक कबूल केली. शिक्षकाने चूक कबूल केली की मुले त्याचे ऐकेनाशी होतात असे म्हणतात. माझा अनुभव उलट आहे. त्या दिवसापासून त्या वर्गाने मला जास्त प्रश्न विचारले.

या स्मरणिकेसाठी पाठ लिहिताना त्या मुलीच्या प्रश्नापासूनच सुरुवात करतो.

ज्वालामुखी झोपतो म्हणजे काय?

ज्वालामुखींचे स्थूलमानाने तीन प्रकार सांगितले जातात. ज्याचे उद्रेक चालू आहेत तो जागृत. आपल्या देशात अंदमान समुद्रातील बॅरन बेट हा असा जागृत ज्वालामुखी आहे. जो दीर्घकाळ शांत आहे, पण ज्याच्या पोटातील अग्नी संपलेला नाही, तो निद्रिस्त. ज्याच्या खालचा तप्त शिलारसाचा पुरवठाच कायमचा बंद झाला, तो मृत. यांतील सीमारेषा पुसट असतात. जपानमधील फुजी पर्वताचा शेवटचा उद्रेक १७०७ साली झाला. तीनशेहून अधिक वर्षे तो शांत आहे, लाखो लोक श्रद्धेने त्यावर चढतात, तरीही तेथील शास्त्रज्ञ त्याला जागृतांतच धरतात.

निद्रिस्त ज्वालामुखी आणि माणसांची वस्ती एकमेकांना किती बिलगून असू शकतात याचे उदाहरण न्यूझीलंडमधील ऑकलंड शहर आहे. ते शहर पन्नासच्या आसपास लहान ज्वालामुखींच्या क्षेत्रावर वसले आहे. शहराच्या मध्यभागी माउंगाव्हाउ नावाची टेकडी आहे. तिच्या उतारांवर तेथील मूळ रहिवासी माओरी लोकांनी जुन्या काळी वस्तीसाठी व शेतीसाठी कोरलेले टप्पे आजही दिसतात. माथ्यावरचे वाडग्यासारखे विवर माओरी लोक पवित्र मानतात, म्हणून त्यात उतरण्यास सर्वांनाच मनाई आहे. शहर वाढले, तरी टेकडीची जुनी ओळख पुसली गेली नाही.

जुन्नरही डोंगरांच्या कुशीतील शहर आहे. त्याच्या डोंगरांनाही मोठे सांस्कृतिक मोल आहे. ते डोंगरही अग्नीतून जन्मले आहेत. मग ऑकलंडप्रमाणे इथे विवर का नाही?

भेगांतून आलेला अग्नी

याचे उत्तर असे की दख्खनचा बहुतेक लाव्हा शंकूच्या आकाराच्या पर्वताच्या तोंडातून आलेला नाही. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून पातळ, प्रवाही लाव्हा पुरासारखा पसरत गेला. २०२३ च्या डिसेंबरात आइसलंडमध्ये ग्रिंडाविक गावाजवळ जमीन भेगाळून लाव्हा उसळतानाची दृश्ये तुमच्यापैकी काहींनी मोबाईलवर पाहिली असतील. प्रकार तोच, परंतु दख्खनच्या उद्रेकापुढे तो चुलीतल्या निखाऱ्याएवढा.

हे घडले सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी. एकावर एक प्रवाह पसरत गेले. सह्याद्रीच्या परिसरात त्यांची एकत्रित जाडी दोन किलोमीटरच्या पुढे आहे. झीज होऊन उरलेला हा काळा पाषाण आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेश व्यापून आहे. त्याला बेसाल्ट म्हणतात. डायनोसॉर नष्ट झाले तो हाच कालखंड. त्या वेळी आजच्या मेक्सिकोत एक प्रचंड अशनीही कोसळला. विनाशात अशनीचा वाटा किती आणि दख्खनच्या ज्वालामुखीचा किती, यावर शास्त्रज्ञांत अजून चर्चा चालू आहे.

म्हणजे शिवनेरी हा स्वतंत्र ज्वालामुखी नाही. तो निद्रिस्तही नाही. लाव्ह्याच्या एका अफाट पठाराला नद्यांनी आणि पावसाने कोट्यवधी वर्षे कापले. मीना, कुकडी, घोड यांच्या खोऱ्यांतील खडक वाहून गेला आणि मधे जे उरले त्यालाच आपण शिवनेरी, मानमोडी, लेण्याद्री म्हणतो. अग्नीने थर घातले, पण डोंगराला आकार दिला तो पाण्याने. त्या मुलीला "तोंड" सापडले नाही, कारण ते तिथे कधी नव्हतेच.

डोंगर वाचावा कसा?

जुन्नरहून लेण्याद्रीकडे जाताना डोंगराकडे नीट पाहा. उभा कडा, मग उतार, पुन्हा कडा, पुन्हा उतार, अशी पायऱ्यांसारखी रचना दिसेल. या प्रकारच्या खडकाला 'ट्रॅप' हे नाव पडले ते स्वीडिश भाषेतील जिना या अर्थाच्या शब्दावरून. घट्ट प्रवाहाचा कडा होतो, ठिसूळ थराचा उतार होतो. एका सहलीत याची उकल मला एका मुलाने करून दाखवली. त्याचे वडील दगडखाणीवर कामाला होते. त्याने हातातल्या लहान दगडाने रस्त्याकडेच्या कातळावर ठोके दिले आणि म्हणाला, "सर, हा दगड बोलतो. तो पलीकडचा बोलत नाही." एकाचा आवाज खणखणीत होता, दुसऱ्याचा बद्द. घट्ट बेसाल्ट आणि पोकळ्यांनी भरलेला, झिजलेला बेसाल्ट यांतील फरक मी पुस्तकातून शिकलो होतो. त्याने तो वडिलांच्या हाताखाली शिकला होता. त्या दिवशी तासाचा शिक्षक तोच होता.

ठिसूळ थरांत लाव्ह्यातील वायूंचे बुडबुडे अडकून राहिलेल्या पोकळ्या असतात. पुढे त्यांत पाणी झिरपून पांढरे, चकाकणारे स्फटिक तयार होतात. विहीर खणताना आपल्याकडच्या शेतकऱ्यांना ते नेहमी सापडतात. काही ठिकाणी दोन काळ्या प्रवाहांच्या मधे विटकरी, तांबडा थर दिसतो. एक प्रवाह निवाल्यावर बराच काळ गेला, त्याच्या पृष्ठभागाची झीज होऊन माती झाली, मग पुढचा प्रवाह आला आणि त्याने ती माती भाजून काढली. दोन अग्नींच्या मधली ही शांतता आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्याने हा तांबडा थर विशेष लक्षात ठेवावा. पुढे त्याचा उपयोग होणार आहे.

बोरीची राख

खरा निद्रिस्त ज्वालामुखी जुन्नर तालुक्यात नाही, पण त्याची राख आहे. कुकडीच्या काठी बोरी नावाचे गाव आहे. तेथील नदीकाठच्या गाळात पांढुरक्या, बारीक ज्वालामुखीय राखेचा थर आहे. १९८० च्या दशकात पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी त्याचा अभ्यास केल्यावर बोरीचे नाव जगभरच्या शास्त्रीय नियतकालिकांत गेले. ही राख दख्खनच्या लाव्ह्याची नव्हे. ती त्याहून कितीतरी अलीकडची आहे. तिची रासायनिक घडण इंडोनेशियातील सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीशी जुळते. टोबा इथून तीन हजार किलोमीटरहून दूर आहे. आज तिथे सुमारे शंभर किलोमीटर लांबीचे सरोवर आहे. त्याच्या काठी बटाक लोकांची वस्ती आहे आणि खालचा अग्नी झोपलेला आहे.

टोबाचा शेवटचा महाउद्रेक सुमारे ७४,००० वर्षांपूर्वी झाला. बोरीची राख त्याच उद्रेकाची की टोबाच्याच त्याहून पुष्कळ जुन्या उद्रेकाची, यावर संशोधकांत दीर्घकाळ वाद झाला. हा वाद महत्त्वाचा का? तर राखेच्या परिसरात आदिमानवाची दगडी हत्यारे सापडली आहेत. राखेचे वय ठरले की हत्यारांच्या वयाचाही अंदाज बांधता येतो. लेणी कोरणाऱ्या हातांच्या कितीतरी आधी, याच बेसाल्टचे तुकडे पाडून हातकुऱ्हाडी करणारी माणसे कुकडीच्या काठी राहत होती. जुन्नरमधील दगडकामाची परंपरा मोजायची झाली तर ती तिथपासून मोजावी लागेल.

कातळ कोणी कोरला?

आता आपण लेण्यांकडे वळू. जुन्नर शहराभोवतीच्या शिवनेरी, मानमोडी, तुळजा आणि लेण्याद्री या डोंगरांत मिळून दोनशेहून अधिक खोदकामे आहेत. एका गावाभोवती इतकी लेणी क्वचितच आढळतात. ती प्रामुख्याने इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या आसपासपासून इसवी सनाच्या तिसऱ्या शतकापर्यंतची, बौद्ध भिक्षुसंघासाठी कोरलेली आहेत.

इथेच का? दोन कारणे स्पष्ट दिसतात. पहिले, खडक. लाव्ह्याचा प्रवाह आडवा आणि एकसंध असल्याने त्याच्या कड्यात एका ओळीत दालने कोरता येतात. लेण्याद्रीला दक्षिणेकडे तोंड करून तीसेक लेणी एका रेषेत आहेत. ती रेष मूळची लाव्ह्याची आहे, मग ती छिन्नीची झाली. दुसरे कारण, वाट. कोकणातील कल्याण आणि सोपारा या बंदरांतून माल नाणेघाट चढून जुन्नरला येई आणि पुढे पैठण व तेरकडे जाई. घाटमाथ्यावर सातवाहनांचा शिलालेख आणि दगडी रांजण आजही आहेत. व्यापाऱ्याला वाटेवर निवारा हवा होता. वर्षावासाच्या तीन महिन्यांत एका जागी राहणाऱ्या भिक्षूंना विहार आणि पाणी हवे होते. डोंगर, वाट आणि संघ यांच्या भेटीतून जुन्नर घडले.

आणि ते कोणी घडवले? इथे शिलालेखच बोलतात. १८३७ साली जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मी लिपीचे कोडे सोडवले. १८८१ साली पंडित भगवानलाल इंद्रजी आणि जेम्स बर्जेस यांनी पश्चिम भारतातील लेण्यांच्या शिलालेखांचा संग्रह प्रसिद्ध केला. त्यात जुन्नरच्या दात्यांची नावे वाचताना मन थक्क होते.

लेण्याद्रीचे चैत्यगृह कल्याणच्या हेरणिकाचा पुत्र सुलसदत्त याचे दान आहे. 'हेरणिक' हा शब्द सोन्याचा व्यवहार करणाऱ्यासाठी येतो. मानमोडीवर क्षत्रप राजा नहपानाचा अमात्य अयम याने ४६ व्या वर्षी मंडप आणि पाण्याचे टाके दिले. यवनांची नावे आहेत. यवन म्हणजे ग्रीक अथवा पश्चिमेकडून आलेले परदेशी. इरिल नावाच्या यवनाने दोन पाण्याची टाकी दिली, चिट नावाच्या यवनाने संघासाठी भोजनमंडप दिला, चंद नावाच्या यवनाने मानमोडीच्या चैत्याचा दर्शनी भाग कोरवून घेतला. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि टाके दिले. श्रेणी म्हणजे एका व्यवसायातील लोकांची संघटना. कुणी करंजाची आणि वडाची झाडे लावण्यासाठी शेतीचे उत्पन्न नेमून दिले.

या यादीत मला सर्वांत जास्त थांबवणारा लेख आहे तो दोन श्रेणींचा. बांबूचे काम करणाऱ्यांची श्रेणी आणि काशाची भांडी घडवणाऱ्यांची श्रेणी यांच्याकडे संघासाठी रक्कम ठेव म्हणून ठेवल्याची त्यात नोंद आहे. विचार करा. रक्कम ठेवायची तर ती विश्वासाच्या जागीच ठेवतात. दोन हजार वर्षांपूर्वी जुन्नरमध्ये बांबूकाम करणारे कारागीर संघटित होते, हिशेब ठेवत होते आणि समाज त्यांच्याकडे पैसा सोपवत होता. आज महाराष्ट्रात सूप, टोपली, कणगी विणणारा बुरुड समाज अनुसूचित जातींच्या यादीत आहे. पाथरवटाचे काम करणारा वडार समाज विमुक्त जातींत गणला जातो. त्या काळचे बांबूकाम करणारे म्हणजेच आजच्या बुरुडांचे पूर्वज, असे मी म्हणणार नाही. तेवढा पुरावा नाही. पण एक गोष्ट या लेखातून निश्चित कळते. त्या कामाला त्या काळी पत होती. हाताच्या कामाला हलके मानणे हा निसर्गाचा नियम नव्हे. ती इतिहासात कधीतरी घडलेली गोष्ट आहे, आणि जी घडली ती बदलताही येते. खाणीवरच्या त्या मुलाला मी हा लेख वाचून दाखवला तेव्हा तो काही बोलला नाही. त्याने वही काढली आणि लेखाचा मजकूर उतरवून घेतला.

नावांचे थर

जुन्नरला गेल्यावर तुम्हाला ही लेणी 'पांडवांनी एका रात्रीत कोरली' असे सांगणारे कुणी ना कुणी भेटेल. अशी कथा महाराष्ट्रातील अनेक लेण्यांविषयी सांगितली जाते. लेण्याद्रीच्या सातव्या लेण्यात गिरिजात्मज गणपतीचे स्थान आहे. अष्टविनायकांतील एक म्हणून तिथे भाविकांची रीघ असते. मूळ रचनेत तो एक प्रशस्त विहार आहे. मधे खांब नसलेले मोठे दालन आणि तीन बाजूंना भिक्षूंच्या वीस खोल्या. तुळजा लेण्यांत तुळजादेवीचे स्थान आहे. मानमोडीचे तीन गट भीमाशंकर, अंबिका आणि भूतलिंग या नावांनी ओळखले जातात. ही सर्व नावे नंतरची आहेत.

अशा वेळी आपण काय करावे? दोन सोप्या वाटा आहेत आणि दोन्ही चुकीच्या आहेत. वरचा थर हाच मूळचा असे मानणे ही एक. वरचा थर खोटा म्हणून तो खरवडून काढावा असे वाटणे ही दुसरी. डोंगर आपल्याला तिसरी वाट दाखवतो. भूशास्त्रज्ञ वरच्या प्रवाहावर रागावत नाही आणि खालचा प्रवाह नाकारतही नाही. तो दोन्हींचा क्रम लावतो. मधला तांबडा थर शोधतो आणि विचारतो, या मधल्या काळात काय घडले? जुन्नरचा संघ कधी विरळ झाला, वाटा कधी बदलल्या, ओसाड विहारांत नव्या देवता कशा आल्या? हे प्रश्न आपले आहेत. तिथे येणाऱ्या भाविकाशी नम्रतेने बोलावे. आपल्याला शिलालेख माहीत असेल तर आवाज चढवण्याची गरज पडत नाही.

ही कसोटी दुसऱ्यांच्या कथांपुरती ठेवून चालणार नाही. एका बुद्धपौर्णिमेच्या भाषणात मी जोरात सांगितले होते की जुन्नरची लेणी सम्राट अशोकाने कोरवली. टाळ्या पडल्या. कार्यक्रमानंतर आपल्याच एका माजी विद्यार्थ्याने शांतपणे विचारले, "सर, कोणत्या शिलालेखात?" सोपाऱ्याला अशोकाचे शिलालेख सापडले आहेत. जुन्नरला नाहीत. लेणी त्याच्या नंतरच्या काळातील आहेत. सम्राटाचे नाव घेतल्याने आपला इतिहास मोठा होतो असे मला वाटले होते. प्रत्यक्षात मी सुलसदत्ताचे, धान्यव्यापाऱ्यांचे आणि त्या परदेशी उपासकांचे श्रेय काढून एका राजाला देत होतो. सामान्य माणसांनी उभारलेल्या गोष्टीवर राजाचे नाव लावणे, हेच तर आपण इतरांच्या इतिहासलेखनात चूक म्हणून दाखवतो.

परंपरेने चालत आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा गुरू सांगतो म्हणून एखादी गोष्ट मानू नका, स्वतः तपासून पाहा, असा तथागतांनी कालामांना दिलेल्या उपदेशाचा आशय आहे. १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या अस्पृश्यांविषयीच्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी इतिहासातील दुवे तुटलेले असताना तर्काचा उपयोग कसा करावा याची चर्चा केली आहे. आपला सिद्धान्त अंतिम असल्याचा दावा त्यांनी केला नाही, तो तपासणीसाठी पुढे ठेवला. ज्यांच्या नावाने आपण शिकतो त्यांची ही शिस्त आहे. जयघोष सोपा आहे. ही शिस्त अवघड आहे, म्हणून ती वर्गात शिकावी लागते.

डोंगर झोपलेला नाही

सुरुवातीला मी म्हटले की जुन्नर-आंबेगावचे डोंगर निद्रिस्त ज्वालामुखी नाहीत. त्यांच्यातील अग्नी कधीच विझला. पण याचा अर्थ डोंगर निश्चल आहेत असा नाही.

३० जुलै २०१४ च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगराचा कडा कोसळला. कित्येक तास संततधार पाऊस चालू होता. झिजून मऊ झालेला थर पाण्याने जड झाला आणि खालच्या घट्ट कातळावरून घसरला. सुमारे दीडशे माणसे गाडली गेली. गावाकडे निघालेल्या एसटीच्या चालकाला गाव जागेवर दिसले नाही, तेव्हा बाहेरच्या जगाला खबर लागली. मरण पावलेल्यांत बहुसंख्य आदिवासी कुटुंबांतील होते. त्यानंतर २०२१ साली रायगड जिल्ह्यात तळिये, २०२३ साली इर्शाळवाडी. डोंगर तोच, पाऊस तोच आणि उतारावर राहणारी माणसेही बहुधा त्याच थरातील.

माळीणच्या आठवड्यात आमच्या वसतिगृहात आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातील काही मुले होती. फोन लागत नव्हते. रात्री जेवणाच्या पंगतीत कुणी बोलत नव्हते. एका मुलाने मला विचारले, "सर, आमच्या घराच्या वरचा डोंगर कसला आहे?" त्या रात्री माझ्याकडे उत्तर नव्हते. आज निदान एवढे सांगू शकतो : पावसाळ्यात उतारावर नव्याने भेग दिसली, झाडे वा विजेचे खांब कलले, झऱ्याचे पाणी अचानक गढूळ झाले किंवा नव्या जागी पाणी फुटले, तर थांबू नये. घर सोडून सुरक्षित जागी जावे, गावाला सांगावे, तलाठी आणि तहसील कार्यालयास तत्काळ कळवावे. बोलणारा दगड आणि न बोलणारा दगड यांतील फरक परीक्षेपुरता नाही. तो कुणाचा तरी जीव वाचवू शकतो. आणि हे ज्ञान डोंगराखाली राहणाऱ्यांपर्यंत पोहोचवणे, त्यांना सुरक्षित जागा मिळवून देणे, हा भूगोलाइतकाच न्यायाचा प्रश्न आहे.

सहलीला जाताना

या वर्षीही सहल निघेल. तेव्हा काही गोष्टी पाळा. शिवनेरी हे छत्रपती शिवाजी महाराजांचे जन्मस्थान आहे. तिथे आणि सर्व लेण्यांत शांतता राखा. शिलालेखावर हात फिरवू नका, खडू लावू नका, त्यावर पाणी टाकू नका. दोन हजार वर्षे टिकलेले अक्षर एका बोटाच्या घामानेही झिजते. भिंतीवर नाव कोरणे हा गुन्हा आहे. शिवाय तिथे आधीच नावे आहेत, आणि ती दान देणाऱ्यांची आहेत. कड्यांवर आग्या मोहोळे असतात. ओरडू नका, अत्तर लावू नका, धूर करू नका. पाण्याच्या टाक्यांत कचरा टाकू नका. ती कुणीतरी आपल्या कष्टाच्या पैशांतून तहानलेल्यांसाठी दिलेली आहेत.

वहीत पुढील नोंदी करून आणा :

१. लेण्याद्रीच्या पायथ्यापासून वरपर्यंत कड्याचे व उताराचे थर मोजा आणि त्यांचे रेखाचित्र काढा. तांबडा थर कुठे दिसतो का?

२. एखादे अर्धवट सोडलेले खोदकाम शोधा. त्यावरून कारागिरांनी काम कोणत्या बाजूने सुरू केले असेल ते लिहा.

३. तुळजा लेण्यातील वर्तुळाकार चैत्याच्या घुमटाखाली उभे राहून स्तूपाभोवतीचे खांब मोजा. लेण्याद्रीच्या चैत्यगृहाशी त्याची तुलना करा.

४. एका दात्याचे नाव निवडा. त्याने काय दिले, कुणासाठी दिले आणि तो काय काम करीत असावा, हे दहा ओळींत लिहा. जे शिलालेखात आहे आणि जो तुमचा तर्क आहे, ते दोन वेगळ्या रंगांत लिहा.

५. तुमच्या गावाजवळच्या डोंगराविषयी घरातील वडीलधाऱ्यांना विचारा : नाव काय, कथा काय, पावसाळ्यात तो कसा वागतो?

चौथ्या प्रश्नातील दोन रंगांकडे विशेष लक्ष द्या. मी आयुष्यातील पंधरा वर्षे दोन्ही गोष्टी एकाच रंगात लिहीत होतो. मागच्या ओळीतील एका मुलीने ती चूक दाखवली. ती मुलगी आता स्वतः शिक्षिका आहे. मागच्या वर्षी भेटली तेव्हा म्हणाली, "सर, माझ्या वर्गातही एकाने विचारले, तोंड कुठे आहे?"

"मग काय सांगितलेस?" मी विचारले.

"म्हटले, चल, डोंगरावर जाऊन पाहू."

जय भीम, नमो बुद्धाय.